पाण्यातली माणसं मोजू नयेत

गावात लोक गेसिना रादलॉफबद्दल बोलताना 'होती' म्हणतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. ती आहे. मासळीच्या धक्क्यामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहते, पहाटे साडेतीनला उठून खिडकी उघडते, आणि अलीकडेच माझ्या सदऱ्याची कॉलर बघून म्हणाली, "ही इस्त्री आहे की कापडाला दिलेली शिक्षा?" तेव्हा 'होती' म्हणणाऱ्यांनी जरा जीभ आवरावी. तिच्याबाबतीत जे संपलं ते वेगळं आहे आणि ते संपवण्यात माझा हात आहे. म्हणून लिहायला बसलोय.

मी हेन्नर ब्रून. बसडेपोत इंजिनं उघडायचो. शाळा आठवीपर्यंत. कायदा शिकलो तो डेपोच्या जेवणाच्या सुट्टीत, सॉसेज खाता खाता, तेलकट बोटांनी पानं उलटत. आमच्या ग्रासहागनच्या किनाऱ्यावर चौदा नंबरच्या पायऱ्यांपासून पुढे तीनशे मीटर मोकळ्या अंगाचा, म्हणजे कपड्यांशिवाय पोहायचा पट्टा होता. तो वाचवायच्या समितीचा मीच अध्यक्ष, मीच चिटणीस आणि मीच खांबावर पोस्टर चिकटवणारा. मला वाटायचं, मी नसतो तर हा पट्टा कधीच गेला असता. आज म्हणतो, मी नसतो तर कदाचित राहिला असता.

पण आधी गेसिना.

ती कामगार संघटनेच्या सुट्टीघरात धुलाईला होती. चारशे खाटांचं घर. दर पंधरवड्याला कारखान्यांतून नवी माणसं यायची, जुनी जायची, आणि त्यांच्या चादरी, टॉवेल, बायकांचे झगे, साहेबांचे सदरे हिच्या हातांखालून जायचे. चादरींना इस्त्री करणाऱ्या वाफेच्या रोलरवर तिने एकोणतीस वर्षं काढली. डाव्या कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा एक लांब चकचकीत पट्टा आहे. विचारलं की म्हणते, "हीच माझी बाही."

कपडा माणसाच्या किती चुगल्या करतो हे तिच्याइतकं कुणाला कळलं नसेल. कोणाची कॉलर आतून उलटवून शिवलीय, कोणाच्या सदऱ्याला दुसऱ्याच कोणाचा वास आहे, कोण पक्षाचा बिल्ला काढून खिशात ठेवतो, सगळं तिला ठाऊक. तोंडातून मात्र कधी ब्र नाही. तिची कामाची पाळी पहाटे चारला सुरू व्हायची, साडेदहाला सुटायची. मग सायकलवर चौदा नंबरच्या पायऱ्या. शेवटच्या पायरीशी कपडे काढायचे, चार घड्या घालायच्या, उडू नयेत म्हणून वर समुद्रातला भोक पडलेला गोटा ठेवायचा आणि बरोबर अकराला पाण्यात. एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबर संपेपर्यंत. सहा मिनिटं. लाटा अडवायला ठोकलेल्या लाकडी खांबांची काळी रांग आहे ना, तिच्या टोकापर्यंत जायचं आणि परत.

"का गं?" मी तरुणपणी एकदा विचारलं होतं.

"सकाळभर कपडेच बघते," ती म्हणाली. "अकरा वाजता मला कुणाचेच बघायचे नसतात. माझेसुद्धा."

बस्. मोकळ्या अंगाबद्दल तिच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात लांब भाषण हेच. तिचा नवरा आर्वेड, ते खांब ठोकणाऱ्या टोळीत होता, तो तर तेवढंही बोलायचा नाही. डोक्यावर टोपी, अंगावर काही नाही, हातात कॉफीचा थर्मास, आणि समुद्राकडे बघत बसलेला. आपण ठोकलेले खांब जागेवर आहेत का, एवढंच मोजायचा.

त्यांचं बावीस जणांचं टोळकं होतं. वाऱ्याला आडोसा म्हणून काठ्यांवर ताणायचं लांब कापड असतं, त्यावर गेसिनाने बावीस नावं भरली होती, लाल दोऱ्याने. कोणी गेलं की त्या नावाखाली ती निळ्या दोऱ्याची छोटी लाट भरायची. आर्वेडच्या नावाखालची लाट जरा वाकडी आहे. ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय त्या वर्षी कापडावर अठरा लाटा होत्या. तिघं देशाचे दोन तुकडे करणारी भिंत पडल्यावर पश्चिमेकडे निघून गेली, त्यांच्या नावांखाली काही नाही. असतील की नसतील, कोणाला माहीत. उरलं एक नाव, तिचं स्वतःचं. ती रोज ते आख्खं कापड एकटी ताणायची, बावीस माणसांना पुरेल एवढं, आणि त्याच्या एका कोपऱ्यात बसायची.

"अर्धं गुंडाळून ठेव की," मी म्हणायचो.

"कुठलं अर्धं?" ती विचारायची.

आमच्यात एक रीत आहे, ती इथेच सांगतो कारण पुढे लागेल. वाळूवर सगळे 'तू'. कोणीही असो. पायऱ्या चढून वर आलं, बटणं लावली, की 'तुम्ही'. आमचे दातांचे डॉक्टर लोरेन्झ, खाली त्यांना "ए लोरेन्झ, झोपलास काय, चेंडू टाक!" आणि वर त्याच दिवशी "डॉक्टरसाहेब, दाढ फार ठणकतेय हो." त्यात कोणाला काही वाटत नाही. गेसिना मला वाळूवर 'अरे हेन्नर' म्हणायची आणि बेकरीच्या रांगेत 'ब्रूनसाहेब'. चाळीस वर्षं.

तर पर्यटन कचेरीत नवा साहेब आला, डिर्कसेन. बाहेरगावचा, गुळगुळीत बोलणारा. त्याला चौदा नंबरपुढे छपराच्या वेताच्या खुर्च्या मांडायच्या होत्या, ऐंशी एक, पाहुण्यांना भाड्याने द्यायला. खुर्चीत बसणारा पाहुणा कापडवाला. वाळूवर कपडे घालून येतो त्याला आम्ही कापडवाला म्हणतो. शिवी नाही ती, नुसतं नाव. डिर्कसेनने सभा बोलावली. अग्निशमन दलाचं सभागृह खच्चून भरलं.

"माझा कोणाला विरोध नाही," तो म्हणाला. "पण हा पट्टा वापरतं कोण? निसर्गवाद, निसर्गवाद असं मी ऐकतो. निसर्गवादी म्हणजे नक्की कोण, हे मला कोणी सांगेल का?"

मागून कोणी तरी ओरडलं, "ज्याला खिसा नाही तो!" सगळे हसले. हा जुना विनोद. गेसिनाची आई सांगायची की पन्नाशीच्या दशकात पोलीस वाळूवर आला आणि म्हणाला ओळखपत्र दाखवा, तर तिने विचारलं, कुठल्या खिशातून काढू?

डिर्कसेनही हसला. मला ते हसणं झोंबलं. मी उठलो.

"साहेब, संशय आहे ना? मग मोजा! तुमची माणसं पाठवा, मोजून बघा, आणि मग तोंड उघडा!"

टाळ्या. लोकांनी पाय आपटले. मी असा फुगलो की काय सांगू.

"उत्तम सूचना," डिर्कसेन म्हणाला. "मोजू. पण कोणाला धरायचं आणि कोणाला नाही, ते तुम्हीच लिहून द्या, ब्रूनसाहेब. तुमच्याइतकं जाणणारा दुसरा कोण आहे?"

बघा. जाळं असं टाकतात. आणि मासा स्वतः उडी मारून आत.

मी तीन रात्री बसून व्याख्या लिहिली. मोठ्या निसर्गवादी संघांची पत्रकं वाचली. त्यांत निसर्गाशी मेळ, स्वतःचा मान, शेजाऱ्याचा मान, असलं सगळं सुंदर होतं. पण मान कसा मोजणार? आणि माझ्या डोक्यात होते ते चड्डीवाले. दर उन्हाळ्यात येतात, पोहण्याची चड्डी घालून, काळा चष्मा लावून आमच्या पट्ट्यात लोळतात, वाळूकडे बघतोय असं दाखवतात आणि बघतात भलतंच. त्यांना मी दरवर्षी हाकलतो. ते आमच्या आकड्यात नकोत! म्हणून लिहिलं: मोजणीच्या वेळी गळ्यापासून घोट्यापर्यंत अंगावर एकही वस्त्र नसलेली व्यक्ती. टोपी, घड्याळ, पट्टी बांधलेली जखम चालेल. एकही वस्त्र नाही. तीनदा अधोरेखित केलं.

कचेरीने त्यात एक ओळ घातली. पाण्यातली माणसं मोजू नयेत, कारण पाण्याखाली काय घातलंय ते दिसत नाही. मी म्हटलं चालेल. पाण्यात किती वेळ बसणार लोक? ठरलं असं: तीन मोजण्या, सकाळी अकरा ते साडेअकरा, दर वेळी कमीत कमी वीस. एकदा जरी कमी पडले तरी पट्टा गेला. तारखा कचेरीच्या. मी सही केली.

गेसिना सभेनंतर बाहेर भेटली. कोट, पर्स, टाचेचे बूट.

"ब्रूनसाहेब, तुम्ही व्याख्या कशाला देताय?"

"रादलॉफबाई, व्याख्या नसेल तर ते आपल्याला गिळतील."

"व्याख्या म्हणजे शिंप्याची टेप," ती म्हणाली. "टेप आली की मागून कपडा येतोच."

मी म्हटलं, बाईमाणूस, धुलाईतलं, काय कळतंय. हो, असंच म्हटलं मनात. खोटं कशाला लिहू.

जुलैच्या मोजणीत त्रेचाळीस. ऑगस्टमध्ये एकतीस. मी डिर्कसेनच्या दारावर आकडा लिहून चिकटवला. तिसरी तारीख होती पंधरा सप्टेंबर.

त्या दिवशी ईशान्येचा वारा सुटला. हवा बारा अंश, पाणी चौदा. तरी मी निर्धास्त होतो, कारण आमची माणसं वाऱ्याला भिणारी नाहीत. मला धरून सव्वीस जण आले होते. मी पायऱ्या उतरलो, बघितलं, खूष झालो. वाटेत आल्मुट सीव्हर्स भेटली, मोजायला आलेली. कचेरीचं जाकीट, हातात कागद लावलेली फळी. पन्नाशीची, आमच्याच गावची, तिची आई आमच्यातलीच होती.

"भरपूर आहेत की!" मी म्हटलं.

आल्मुटने वाळूवर नजर फिरवली आणि तिचा चेहरा पडला.

"हेन्नर," ती हळूच म्हणाली, "शून्य आहेत."

आमच्याकडे गार वारा सुटला की माणूस वर जाड स्वेटर घालतो आणि खाली काही घालत नाही. ओली चड्डी अंगाला गारठा लावते, वाळू खालून ऊब देते, छातीला वारा लागू नये. साधी अक्कल आहे. कापडवाल्यांना याचं फार हसू येतं. आम्हाला नाही, कारण आमच्या डोळ्यांना तो माणूस मोकळाच दिसतो. तो स्वेटर आम्हाला दिसतच नाही. तीन रात्री मी व्याख्या लिहिली आणि मला तो दिसला नाही. माझ्या स्वतःच्या अंगावर त्या क्षणी तसाच हिरवा स्वेटर होता.

सव्वीस निसर्गवादी, आणि माझ्याच कागदाने सगळेच्या सगळे कापडवाले.

घड्याळात अकराला सात मिनिटं कमी. मी धावत सुटलो.

"स्वेटर काढा! सगळ्यांनी! अर्धा तास फक्त!"

"डोकं फिरलंय का तुझं?" लोरेन्झ म्हणाला. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे निळे पडलेले.

"कागदात तसं लिहिलंय!"

"कोणत्या गाढवाने लिहिलंय?"

"मी!"

"मग ठीक. निदान गाढव ओळखीचं आहे," असं म्हणून त्याने स्वेटर डोक्यातून ओढला. बाकीचे कुरकुरत, एकमेकांना टोमणे मारत उठले. पाच जण सर्दीचं सांगून वर निघून गेले, एका नवराबायकोचं वाटेतच भांडण जुंपलं, त्यातला नवरा राहिला, बायको गेली. मी माझा स्वेटर फेकला. मोजले. मला धरून एकोणीस. पुन्हा मोजले. एकोणीस.

आडोशाच्या कोपऱ्यात गेसिना बसली होती. अंगात आर्वेडचा निळा खलाशी स्वेटर, पार मांड्यांपर्यंत लांब. कापडावरची नावं वाऱ्याने फडफडत होती.

"गेसिना, स्वेटर काढ."

"गार आहे."

"जरा वेळच."

"जरा वेळ गार नसतं का?"

"अगं मोजणी आहे! एक कमी पडतोय. एकच!"

"मग मोज. मी इथे बसलेय की. साठ वर्षं बसलेय."

"असं चालत नाही. ती येईल, बघेल, मग लिहील."

तिने माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही. "म्हणजे तिने बघावं म्हणून मी काढू?"

"पट्टा जाईल! तुझाच पट्टा आहे, बाई! तू कुठे जाशील?"

"हेन्नर," ती म्हणाली, "मी आयुष्यात कोणी बघावं म्हणून काही काढलेलं नाही. आर्वेडसाठीसुद्धा नाही. तो समोर असायचा, ते वेगळं." मग मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाली, "अकरा वाजले की मी पाण्यात जाते. तशीही जाणारच आहे. तू बाजूला हो, वारा येतोय."

मी बाजूला झालो. मनात हिशेब केला: पाण्यात जाणार म्हणजे काढणार, आडोशापासून पाण्यापर्यंत वीस पावलं, आल्मुटने तेवढ्यात टिपलं की झालं! मी आल्मुटला धरून आणली. ती एकेकाला मोजत आली. सतरा, अठरा, मी एकोणीस. घड्याळात अकरा. गेसिना उठली. स्वेटरच्या कडेला हात घातला.

आणि आल्मुटने मान खाली घालून कागदात बघितलं.

मी ते अजून विसरलेलो नाही. सहज घातली मान, जशी आपण तुटलेली पायरी ओलांडतो तशी. कोणी कपडे काढत असलं की बघायचं नाही. काढून झाले की मग तोंडाकडे बघून बोलायचं. ही इथली पहिली शिकवण. गेसिनाने स्वेटर काढला, चार घड्या घातल्या, वर गोटा ठेवला, वीस पावलं चालली, थांबली नाही, पाण्यात शिरली. आल्मुटने मान वर केली तेव्हा लाटांवर एक पांढरं डोकं होतं.

"एकोणीस," आल्मुट म्हणाली.

"एकोणीस? आंधळी आहेस का तू! आत्ता तुझ्यासमोरून गेली ती!"

"मी बघितलं नाही."

"आज तुला बघायचाच पगार आहे!"

"हो," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले होते, वाऱ्याने की कशाने. "पण कोणी काढत असताना बघायचं नाही, हे माझ्या आईने मला शिकवलंय. आणि जे बघितलं नाही ते मी लिहिणार नाही. साडेअकरापर्यंत वेळ आहे, हेन्नर. ती बाहेर येईल तेव्हा बघेन मी. नक्की बघेन."

झालं तर मग! सहा मिनिटांची बाई. मी पाण्याच्या काठाशी गेलो आणि तोंडाला हात लावून ओरडलो, "गेसिना! बाहेर ये! आल्मुट थांबलीय! बाहेर आलीस की मोजेल!"

तसं ओरडायला नको होतं.

ती खांबांच्या रांगेच्या टोकाशी होती. वळली, आमच्याकडे बघितलं. काठावर मी, माझ्यामागे फळी घेतलेली आल्मुट, तिच्यामागे थंडीने आखडलेले अठरा जण, सगळ्यांचे डोळे एकट्या तिच्यावर. तिने एका खांबाला हात घातला आणि तिथेच थांबली.

अकरा वाजून दहा. कोणी तरी म्हणालं, रुसलीय. अकरा वाजून पंधरा. लोरेन्झ उड्या मारत होता. "मी दातांचा डॉक्टर आहे, म्हणून सांगतो," तो म्हणाला, "माझेच वाजायला लागलेत, तिचं काय होत असेल?" कोणी हसलं नाही.

"गेसिना, ये गं!"

ती नुसती बघत होती. मला तिचा खांबावरचा हात दिसत होता. तो खांब आर्वेडच्या टोळीने ठोकलेला. त्या बाजूचे सगळे त्यांचेच. आधी हात गुलाबी दिसत होता, मग पांढरा. चौदा अंश पाणी. वय अठ्ठ्याहत्तर. अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी एक लाट तिच्या डोक्यावरून गेली आणि डोकं वर यायला जरा वेळ लागला.

मी चिडका माणूस आहे. चिडलो की मला पुढचं दिसत नाही, हे बायको सोडून जाताना सांगून गेली होती. पण त्या लाटेनंतर राग कुठे गेला कोण जाणे.

"लिही एकोणीस," मी आल्मुटला म्हटलं.

"अजून अकरा मिनिटं आहेत."

"लिही म्हणतो ना! मी सही करतो. लिही आणि जा, वर जा, मागे बघू नकोस!"

तिने लिहिलं. माझी बोटं इतकी आखडली होती की सही दुसऱ्याच माणसाची वाटत होती. ती पायऱ्या चढून गेली. मग मी बाकीच्यांना म्हटलं, "वळा." अठरा जण समुद्राकडे पाठ करून उभे राहिले आणि गुपचूप आपापले स्वेटर घालायला लागले. मी तिचा टॉवेल घेतला, काठाशी गेलो आणि पाठ करून हात मागे धरून उभा राहिलो.

बराच वेळ काही झालं नाही. मग पाण्यात पाय ओढल्याचा आवाज आला. शिंपल्यांवर पावलं. टॉवेल हातातून गेला. तिचे दात इतके वाजत होते की शब्द सुटे सुटे आले.

"सही करायला एवढा वेळ का लागला तुम्हाला, ब्रूनसाहेब?"

वाळूवर. तुम्ही. मी पासष्ट वर्षांत त्या वाळूवर हा शब्द ऐकला नव्हता. मी वळलो नाही. वळायचं तोंडच नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात खुर्च्या आल्या. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, ऐंशी. आम्हाला कुत्र्यांच्या किनाऱ्यापलीकडे साठ मीटर मिळाले, अडीच किलोमीटरवर. लोरेन्झ आणि तीन-चार जण जातात. गेसिनाचा गुडघा तिथवर जात नाही. तिचा मुलगा हाईलब्रॉनला असतो, त्याने फोनवर सांगितलं, आई, आता पोहण्याच्या तलावावर जात जा, गरम पाणी असतं. तिने पोहण्याचा पोशाख विकत आणला. एकदा गेली. मला बेकरीच्या रांगेत म्हणाली, "ओलं कापड अंगावर बाळगून पोहायचं, ब्रूनसाहेब, म्हणजे धुलाईच्या हौदात पडल्यासारखं. सुट्टीघरातल्या सगळ्या पाहुण्यांचे कपडे पुन्हा बघितल्यासारखं वाटलं." तो पोशाख तिने धुतला, इस्त्री केली आणि कपाटात ठेवला. पोहण्याच्या पोशाखाला इस्त्री करणारी बाई मी दुसरी बघितलेली नाही.

उन्हाळाभर ती अकरा वाजता चौदा नंबरच्या पायऱ्यांच्या वरच्या बाकावर येऊन बसायची. कोट घालून. सहा मिनिटं. मग घरी. आडोशाचं कापड परत कधी ताणलेलं मी पाहिलं नाही.

ऑक्टोबरमध्ये खुर्च्या गुदामात गेल्या, पाहुणे गेले, 'वस्त्र आवश्यक' हा फलक तेवढा राहिला. एका मंगळवारी मी वरून चाललो होतो, समिती मोडल्यापासून मला कुठे जायचं असतं असं नाही, तर बाक रिकामा होता आणि खालच्या पायऱ्यांवर तिच्या काठीचा आवाज येत होता. मी काय करावं? हाक मारावी? मी वरच्या पायरीवर बसलो, समुद्राकडे पाठ करून, गावाकडे तोंड करून.

कोटाची बटणं ऐकू आली नाहीत, पण गोटा ठेवल्याचा आवाज आला. मग शिंपले. मग पाणी. मी घड्याळ बघत बसलो.

तेवढ्यात कुत्रा घेऊन एक जोडपं आलं, बाहेरगावचं. त्यांना खाली जायचं होतं.

"पायऱ्यांची दुरुस्ती चाललीय," मी म्हटलं. "पंधरा नंबरने जा."

"दुरुस्ती? दिसत नाही काही," पुरुष म्हणाला, आणि मान उंच करून माझ्यामागे बघायला लागला. मी उठून त्याच्या समोर उभा राहिलो. डेपोत कमावलेलं अंग कधी कधी कामाला येतं.

"खाली कोणी आहे का?" बाईने विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं.

ती दोघं गेली. नऊ मिनिटं झाली. गुडघ्यामुळे वेळ लागत असणार. मग काठी पायऱ्यांवर वाजायला लागली, एकेक, मध्ये थांबत. ती वर आली. कोट गळ्यापर्यंत लावलेला, केसांची टोकं ओली, कॉलरवर ओलसर डाग.

"तुम्ही इथे, ब्रूनसाहेब? गारठ्यात?"

"हो, रादलॉफबाई. सहज."

तिने काठी या हातातून त्या हातात घेतली. माझ्या सदऱ्याच्या कॉलरकडे बघितलं. तेव्हाच ते इस्त्रीचं म्हणाली. मग मासळीच्या धक्क्याकडे निघाली. मी सोबत करू का असं विचारणार होतो, पण रस्त्यावर मी तिचा कोण? वर 'तुम्ही' हे ठीक होतं, पण खाली 'तू' म्हणायला वाळू होती तोवरच.

तिच्या खिडकीच्या दांडीवर ओला टॉवेल दिसला की मला कळतं, आज ती गेली होती. असे किती दिवस झाले ते मी लिहून ठेवत नाही. मोजणं मी सोडलंय.